भीड, वशिला आणि शिफारस
वाचनभाग : रूथ २:१-१२, लूक ११:५-१०, प्रे. कृत्ये १८:१-३, रोम. १६:१, २



आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण शिक्षण संपवून नोकरीसाठी चेन्नईसारख्या दूरच्या शहरी जातात. भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही, हाती केवळ प्रमाणपत्रांची पिशवी. अशा वेळी पाळकांनी किंवा नातलगांनी ‘अमक्यांना जाऊन भेट’ असे सुचवले, तरी पुष्कळांचे पाऊल अडखळते. एकाला वाटते, हा तर वशिला झाला. दुसऱ्याला वाटते, अनोळखी माणसाच्या दारी जाणे ही लाचारी. तिसरा म्हणतो, ‘मी प्रार्थना केली आहे; आता माणसांपुढे हात पसरणे अविश्वासाचे होईल.’ या तिन्ही शंका प्रामाणिक आहेत. त्यांचे उत्तर पवित्र शास्त्रात शोधू या; पण आधी याच चेन्नईत, तिला मद्रास म्हणत असत त्या काळी घडलेली एक हकीकत पाहू या.

१. मद्रासमधील एक उमेदवार

थोर गणिती श्रीनिवास रामानुजन हे ख्रिस्ती नव्हते. आपल्या कुलदेवतेवर त्यांची श्रद्धा होती. तथापि नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाने त्यांची कथा जाणून घ्यावी. गणितावाचून इतर विषयांत अपयश आल्यामुळे त्यांना पदवी मिळाली नव्हती. १९०९ साली विवाह झाला आणि उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. १९१० साली ते तिरुकोयिलूर येथे व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटले. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर असून भारतीय गणित मंडळाचे संस्थापक होते. रामानुजन यांनी महसूल खात्यात लहानशी जागा मागितली आणि आपली वही पुढे ठेवली. वही पाहून अय्यरांना वाटले की, असा माणूस त्या जागेत कोंडणे योग्य नव्हे. त्यांनी मद्रासमधील गणितज्ञ स्नेह्यांच्या नावे पत्रे देऊन त्यांना पाठवले. एका ओळखीतून दुसरी निघाली आणि रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. रावांना प्रथम शंका होती. पुन्हा भेट झाली तेव्हा ती फिटली, व काही काळ त्यांनी दरमहा साहाय्य केले.

पुढे ९ फेब्रुवारी १९१२ रोजी रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्चपासून दरमहा ३० रुपयांवर ते कामावर रुजू झाले. तेथूनच १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी या सर्वस्वी अनोळखी गणितज्ञाला पत्र लिहिले. आपण कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगून त्यांनी सोबत आपली सूत्रे जोडली. त्याआधी केंब्रिजच्या दोन नामवंतांकडून काही साहाय्य मिळाले नव्हते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हार्डींनी मात्र पत्राची दखल घेतली, आणि १९१४ च्या मार्चमध्ये रामानुजन इंग्लंडला निघाले.

२. वशिला नव्हे, शिफारस

वशिला म्हणजे अपात्राला पात्राच्या जागी बसवणे. त्यात तिसऱ्याचा हक्क बुडतो. शिफारस म्हणजे पात्र माणसाविषयी सत्य साक्ष देणे. नीतिशास्त्र खोट्या साक्षीचा निषेध करते. खऱ्या साक्षीचा नव्हे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीतील फिबीची शिफारस करतो. तेथील ‘सुनिस्तेमि’ या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘एकत्र उभे करणे’ असा आहे. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर उभे करणे, एवढेच शिफारस करणाऱ्याचे काम. पुढचे काम माणसाच्या गुणांचे. अय्यरांच्या पत्रांनी दारे उघडली. परंतु रावांची शंका फेडली ती वहीने. म्हणून भेटीस जाताना स्वतःची ‘वही’, म्हणजे केलेल्या कामाचा पुरावा, सोबत असावा. आणि उणीव असेल ती लपवू नये.

३. अनोळखी शेतात

रूथ मवाबी, विधवा आणि परदेशी. कोणाच्या शेतात आपणावर कृपादृष्टी होईल हे तिला ठाऊक नव्हते, तरी ती घराबाहेर पडली. तिने मुकादमाकडे परवानगी मागितली आणि सकाळपासून कष्ट केले. ते शेत बवाजाचे, म्हणजे तिच्या सासऱ्याच्या आप्ताचे निघाले. इब्री लेखक येथे ‘मिक्रे’, म्हणजे ‘योगायोग’ हा शब्द वापरतो. वाचकाने मात्र त्यामागे देवाचा हात ओळखावा, असा त्याचा रोख आहे. परंतु रूथ घरीच बसून राहिली असती तर हा ‘योगायोग’ घडला नसता. देवावरील भरवसा आणि पायपीट यांत विरोध नाही.

पौलही करिंथ येथे आला तेव्हा त्याने अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांची भेट घेतली. ते त्याच्यासारखेच तंबू बनवणारे होते. तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. परक्या शहरात आपल्या व्यवसायाची माणसे प्रथम शोधावीत, हा धडा आजही उपयोगी आहे. ‘मला नोकरी द्या’ असे एकदम म्हणण्यापेक्षा ‘या कामाविषयी थोडे मार्गदर्शन कराल का? आणखी कोणाला भेटावे?’ असे विचारावे. वेळ थोडा घ्यावा व नंतर आभाराचे पत्र अवश्य पाठवावे. नोकरी मिळवून देण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर मात्र तेथून निघावे.

४. भीड आणि नकार

मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणाऱ्या माणसाच्या दाखल्यात लूक ‘अनाइदेइया’ हा शब्द योजतो. त्याचा मूळ भाव ‘भीड नसणे’ असा आहे. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतातच. प्रभूचा दाखला प्रार्थनेविषयी आहे, हे खरे. परंतु जो देवापुढे निःसंकोच मागण्यास शिकतो, त्याला माणसांपुढे उभे राहण्याचेही धैर्य येते. नकार आला म्हणून आपले मोल कमी होत नाही. प्यालेबरदाराला योसेफाने विनंती केली होती; तो विसरला आणि दोन वर्षे लोटली. तरी ती विनंती वाया गेली नाही.

५. दाराच्या आतल्यांसाठी

हा पाठ केवळ बेकार तरुणांसाठी नाही. आपल्यापैकी अनेक जण आज दाराच्या आत आहेत. कोणी अनोळखी तरुण येतो तेव्हा आपण त्याला दहा मिनिटे देतो का? बवाजाने तिची विचारपूस केली. अय्यरांनी वही उघडून पाहिली. दोघांनीही प्रथम लक्ष दिले, आणि सारे त्यातून घडले. दूर जाणाऱ्या सभासदाला मंडळी दाखला देते. त्यासोबत त्या शहरातील एखाद्या कुटुंबाच्या नावे चिठ्ठीही द्यावी.

मननासाठी प्रश्न
(१) मला मागण्यापासून अडवते ती नम्रता की अहंकार?
(२) मी ज्याची शिफारस केली, त्याच्याविषयी मी केवळ सत्यच लिहिले का?
(३) या महिन्यात मी कोणासाठी दार उघडू शकेन?

प्रार्थना : हे प्रभू, दार ठोठावणाऱ्यांना धैर्य दे आणि आत बसलेल्या आम्हांला ऐकणारे कान दे. आमेन.