चौथा क्रमांक

उंच उडीच्या मैदानात दोन खांब उभे केलेले असतात व त्यांच्या आधारावर एक आडवी दांडी ठेवलेली असते. खेळाडूच्या पायाचा ओझरता धक्का लागला तरी ती खाली पडते. ती ओलांडली, की पंच तिला आणखी वर चढवितात. लागोपाठ तीन वेळा अपयश आले, की स्पर्धक बाद होतो. या खेळाची एक विलक्षण गोष्ट अशी की, विजयी वीर उड्या मारीतच राहिला, तर अखेरीस त्यालाही दांडीपुढे हार मानावी लागते. अशा या कठीण खेळात फिनलंडच्या कालेवी कोटकासने आपले नाव अमर केले.

कालेवीचा जन्म १९१३ साली एस्टोनियातील ताल्लिन या नगरात झाला. समुद्राच्या एका चिंचोळ्या आखातापलीकडे फिनलंडची राजधानी हेलसिंकी आहे. ‘कोटकास’ या एस्टोनियन शब्दाचा अर्थ गरुड असा आहे. पुढे आकाशाकडे झेप घेणाऱ्या या खेळाडूला ते नाव किती शोभून दिसले! मात्र त्याचे कौशल्य केवळ उडीपुरते नव्हते. १९३२ साली लॉस एंजलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत तो थाळीफेकीच्या स्पर्धेत उतरला होता. तेव्हा त्याला पदक मिळाले नाही. पण त्यामुळे तो खचला नाही.

दोनच वर्षांनी, १९३४ साली, इटलीतील तुरीन शहरी युरोपातील खेळाडूंची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. तेथे कोटकासने २.०० मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा फूट उंच उडी मारली आणि तो युरोपचा विजेता ठरला.

त्याच्या खऱ्या कसोटीचा दिवस उजाडला तो २ ऑगस्ट १९३६ रोजी, बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर. त्या दिवशी दहा हजार मीटरच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक फिनलंडच्या धावपटूंनी पटकाविले. उंच उडीत मात्र कोटकाससमोर अमेरिकेचे तीन बलाढ्य खेळाडू उभे होते. त्यांपैकी कॉर्नेलियस जॉन्सन व डेव्ह ऑलब्रिटन या दोघांनी आदल्याच महिन्यात २.०७ मीटरचा जागतिक उच्चांक प्रस्थापित केला होता.

दांडी वर वर चढत गेली व एकेक स्पर्धक बाद होत गेला. २.०० मीटरची उंची चौघांनी ओलांडली. त्यानंतर २.०३ मीटरवर एकटा जॉन्सन यशस्वी झाला व सुवर्णपदक त्याचे झाले. उरलेल्या तिघांची बरोबरी झाली होती आणि पदके तर दोनच शिल्लक होती. निर्णयासाठी त्यांना पुन्हा उड्या माराव्या लागल्या. त्यात ऑलब्रिटन दुसरा, डेलोस थर्बर तिसरा आणि कोटकास चौथा आला. पदकविजेत्यांपैकी दोघांच्या तोडीची उडी मारूनही तो रिकाम्या हातांनी परतला.

अशा वेळी एखाद्याने दैवाला दोष दिला असता. कोटकासने मात्र त्याच वर्षी २.०४ मीटर उंच उडी मारून युरोपचा नवा उच्चांक स्थापन केला. बर्लिनमध्ये ज्या उंचीने सुवर्णपदक मिळवून दिले, तिच्याहून ही उडी एक सेंटिमीटर अधिक होती!

१९४० चे ऑलिंपिक सामने त्याच्या देशात, हेलसिंकी येथे भरावयाचे होते. पण महायुद्ध पेटले व ते रद्द झाले. अखेर १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक भरले, तेव्हा कोटकासची चाळिशी जवळ आली होती. याच सामन्यांत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले.

१९८३ साली कोटकास निवर्तला. पदकांच्या यादीत बर्लिनच्या त्या चौथ्या खेळाडूचे नाव आढळत नाही. परंतु पदक दुसऱ्याच्या गळ्यात पडले, म्हणून आपला पराक्रम उणा होत नाही. पडलेली दांडी पुन्हा खांबांवर चढवावी आणि शांत चित्ताने पुन्हा धावत यावे, हेच खऱ्या खेळाडूचे ब्रीद होय.

स्वाध्याय
१. उंच उडीत विजेत्यालाही अखेरीस हार मानावी लागते, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. बर्लिन येथे कोटकासला पदक का मिळू शकले नाही?
३. ‘रिकाम्या हातांनी परतणे’ व ‘दैवाला दोष देणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.