रनटाइम लायब्ररी आणि स्थाननिरपेक्ष कोड

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केलेली असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. यंत्राला जे काम एका आज्ञेत येत नाही ते कंपायलर आपल्या पदरच्या फंक्शनांकडे सोपवतो. ३२-बिट यंत्रावर सी भाषेत ६४-बिट संख्यांचा भागाकार लिहून पाहा. भागाकाराचे चिन्ह आपण लिहिले, पण तयार झालेल्या कोडमध्ये बहुधा एका अनोळखी फंक्शनला हाक मारलेली दिसेल. अशा फंक्शनांचा संग्रह म्हणजे कंपायलरची रनटाइम लायब्ररी. जीसीसीची ‘लिबजीसीसी’ आणि एलएलव्हीएमची ‘कंपायलर-आरटी’ या त्यांतल्या दोन प्रसिद्ध होत.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघांनी एका लहान भाषेचा कंपायलर आणि त्याची रनटाइम लायब्ररी तयार केली. ती ३२-बिट एआरएम बोर्डावर चालवायची होती. कित्येक आठवडे सारे सुरळीत चालले. तोंडी परीक्षेला दोन दिवस उरले असताना त्याच लायब्ररीच्या आधारे एक शेअर्ड लायब्ररी बनवू लागलो, आणि लिंकरने नकार दिला. संदेशाचा मथितार्थ असा, की अमुक प्रकारची पत्तादुरुस्ती शेअर्ड लायब्ररीत चालत नाही, ‘एफ-पिक’ हा फ्लॅग लावून पुन्हा कंपाइल करा. गंमत अशी, की तो फ्लॅग आमच्या बांधणीच्या फाइलीत आधीच लिहिलेला होता.

ही गोष्ट समजण्यासाठी ‘स्थाननिरपेक्ष’ या शब्दाचा अर्थ पाहू. एखाद्याला घर सांगताना ‘घर क्रमांक ४१२’ असे सांगता येते किंवा ‘येथून पुढे तिसरे घर’ असेही सांगता येते. सारी गल्ली उचलून दुसरीकडे नेली आणि घरांना नवे क्रमांक पडले, तर पहिला पत्ता निरुपयोगी होतो, दुसरा मात्र तसाच लागू पडतो. साध्या प्रोग्रॅमला मेमरीतील जागा आधीच ठरवून देता येते, म्हणून त्यात पहिल्या प्रकारचे पत्ते चालतात. शेअर्ड लायब्ररी मात्र प्रत्येक प्रोग्रॅममध्ये वेगळ्या जागी बसू शकते, आणि तिच्या कोडची मेमरीतील एकच प्रत अनेक प्रोग्रॅम वाटून घेतात. कोडमध्येच पक्के पत्ते असले, तर प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ते बदलावे लागतील आणि वाटून घेण्याचा लाभ जाईल. म्हणून कोड सापेक्ष अंतरांवर चालतो आणि बाहेरचे पत्ते एका वेगळ्या तक्त्यात ठेवले जातात. या तक्त्याला ‘गॉट’ म्हणतात.

येथे एक शंका येईल. आमची रनटाइम लायब्ररी तर स्टॅटिक होती, मग तिला हा नियम का? उत्तर असे, की स्टॅटिक लायब्ररी ही ऑब्जेक्ट फाइलींची नुसती पेटी असते. त्यांतली फाइल साध्या प्रोग्रॅममध्ये जाईल की शेअर्ड लायब्ररीत, हे पेटी भरणाऱ्याला ठाऊक नसते. कंपायलरच्या रनटाइमला तर सगळीकडेच जावे लागते. म्हणून लिबजीसीसीची स्टॅटिक पेटीदेखील लिनक्सवर सामान्यतः स्थाननिरपेक्ष कोडनेच भरतात. शिवाय २०१६ साली निघालेल्या उबुंटू १६.१० पासून ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर साधे प्रोग्रॅमही मुळातच स्थाननिरपेक्ष बनतात. तेव्हा ही काळजी आता केवळ शेअर्ड लायब्ररीपुरती राहिलेली नाही.

आता आमच्या चुकीकडे वळू. आम्ही बांधणीसाठी सीमेक वापरले होते. ‘एफ-पिक’ हा फ्लॅग सगळीकडे चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने विंडोजसाठी कंपाइल करताना क्लँग तो नाकारतो. म्हणून ‘कंपायलरला हा फ्लॅग चालतो का ते तपास, चालत असेल तर लाव’ असे लिहिण्याची रीत आहे. ही तपासणी करताना सीमेक एक चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल करते आणि लिंकही करते. आमच्याकडे त्या वेळी नव्या यंत्रासाठी सी लायब्ररी नव्हती आणि रनटाइम तर अजून बनायचीच होती. त्यामुळे लिंक होणे शक्यच नव्हते. आधी कोंबडी की आधी अंडे, तशातला हा प्रकार. सीमेकने सुरुवातीलाच याबद्दल तक्रार केली होती, पण ‘कंपायलर चालतो असे धरून पुढे जा’ असे आम्हीच त्याला बजावले होते. मग प्रत्येक तपासणी अयशस्वी झाली, फ्लॅग चालत नाही असा निष्कर्ष निघाला, आणि तो मुकाट्याने गळला. चूक म्हणून काहीच दाखवले गेले नाही.

मग इतके आठवडे काम कसे चालले? याला दोन कारणे. एक म्हणजे आम्ही तोवर साधे प्रोग्रॅमच बनवत होतो. दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. आधी केलेल्या एका लहान चाचणीत शेअर्ड लायब्ररी व्यवस्थित बनली होती, कारण तिला केवळ भागाकार लागत होता. भागाकाराच्या फंक्शनात आकडेमोड आणि जवळच्या उड्या एवढेच असते, आणि उड्या सापेक्षच असतात. बिट मोजणाऱ्या फंक्शनात मात्र २५६ नोंदींचा तक्ता होता आणि त्याचा पक्का पत्ता कोडमध्ये आला होता. लिंकर पेटीतून गरजेपुरत्याच फाइली काढतो, म्हणून ती फाइल लागेपर्यंत दोष दडून राहिला.

उपाय एका ओळीचा निघाला. तपासणीचा प्रोग्रॅम लिंक न करता त्याची स्टॅटिक लायब्ररीच बनवावी, अशी सोय सीमेकमध्ये ३.६ या आवृत्तीपासून आहे. ती लावताच फ्लॅग परत आला आणि त्याच रात्री लायब्ररी लिंक झाली.

यातून आम्ही जे शिकलो ते पुढच्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवतो. पहिले, लहान अक्षरांतला ‘पिक’ आणि मोठ्या अक्षरांतला ‘पिक’ यांत फरक आहे. लहान अक्षरांच्या फ्लॅगमध्ये काही यंत्रांवर गॉटच्या आकाराला मर्यादा पडते. जीसीसीच्या माहितीपुस्तिकेत ती स्पार्कवर ८ किलोबाइट, तर ६४-बिट एआरएमवर २८ किलोबाइट दिली आहे. लायब्ररी कोठे जाईल हे माहीत नसेल, तर मोठी अक्षरेच बरी. दुसरे, लायब्ररी तयार झाल्यावर ‘होल-आर्काइव्ह’ हा लिंकरचा पर्याय देऊन पेटीतील सर्व फाइलींची एक शेअर्ड लायब्ररी बनवून पाहावी. त्याबरोबर ‘झेड टेक्स्ट’ हा पर्यायही द्यावा, कारण काही यंत्रांवर लिंकर केवळ इशारा देऊन असे पक्के पत्ते चालवून घेतो. तिसरे, हा फ्लॅग सर्वत्र हवाच असा हट्टही धरू नये. ऑपरेटिंग सिस्टिमविना चालणाऱ्या लहान नियंत्रकांवर शेअर्ड लायब्ररीच नसतात. तेथे गॉट म्हणजे केवळ भार. कंपायलर-आरटीत अशा यंत्रांसाठी मूळ फंक्शनांपुरता हा फ्लॅग बंद करण्याची सोय आहे.

बांधणीच्या फाइलीत काय लिहिले आहे यावर विसंबणे ही आमची खरी चूक होती. फ्लॅग लागला की नाही, हे ‘रीडएल्फ’ चालवून ऑब्जेक्ट फाइलीतील पत्तादुरुस्तीच्या यादीवरून दोन मिनिटांत कळले असते. ही दोन मिनिटे काढली असती, तर परीक्षेआधीची ती रात्र जागावी लागली नसती.