तट्टाची बाजू घे

चि. छकुलीस,

तुझा फोन झाला त्याच रात्री तुझ्या आईचाही आला. "इंजिनिअर होऊन ही आता घोडी हाकणार का?" असं तिनं मला विचारलं, जणू मीच तुझे कान भरले. भरले असतीलही. शनिवार-रविवार लहान मुलांना रपेट शिकवायचं काम तू घेतलंस, याचा मला आनंद झाला. मला रपेट शिकवणाऱ्या बाई कशा शिकवायच्या ते लिहून पाठव म्हणालीस, त्याचा त्याहून जास्त झाला. पत्र लांबेल. दोन बैठकांत वाच.

बाईंची जागा तू पाहिलेली नाहीस. लोणंदहून फलटणला जाताना, नीरेच्या उजव्या कालव्याच्या बाजूला त्यांची थोडी जमीन होती. सातबाऱ्यावर ती साधी बागायत. आम्ही तिला तट्टांचा मळा म्हणायचो. अर्ध्यावर लसूणघास, एका अंगाला पत्र्याची पागा, मधे काटे-कुसळं वेचून तयार केलेलं गोल रिंगण आणि रिंगणाच्या कडेला चिंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलो की आम्ही सकाळी सायकली दामटत तिथं हजर. तुझी आई एकदाच तट्टावर बसली, उतरली आणि थेट उसाच्या गुऱ्हाळाकडे गेली. ते असो.

बाईंचे वडील रिसाल्यात होते, त्यामुळे घोडं त्यांच्या घरातलंच. पण त्यांनी रेसकोर्सवरची उंच, झळाळत्या अंगाची जनावरं कधी आणली नाहीत. त्यांच्याकडे बहुतेक भीमथडीची तट्टं. काही धनगरांकडून घेतलेली, काही अकलूजच्या बाजारातून. खांद्याशी पन्नास-बावन्न इंच उंच, पायानं कणखर, खुरानं दगडासारखी. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे धनगर यांच्याच पाठीवर सगळा संसार लादतात: वाकळा, भांडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं. यमुनेचं पाणी प्यायलेली तट्टं ती हीच, पण बाई मराठ्यांच्या घोडदौडीच्या गप्पा फारशा मारत नसत. अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "तट्टांना कळवलंत का?"

आता मुद्द्याचं. मुलगा आणि तट्टू यांच्यात कुरबुर झाली की बाई आधी तट्टाची बाजू घ्यायच्या. त्यांच्या शिकवण्यात दुसरं काही आठवलं नाही तरी चालेल, एवढं धरून ठेव.

शेवंता नावाची एक तांबडी घोडी होती. एका सुट्टीत पुण्याचा एक मुलगा तिच्यावर खोगीर चढवत होता. तंग आवळायला घेतला की ती कान मागे पाडायची आणि त्याच्या बाहीकडे दात न्यायची. "ही खोडसाळ आहे, मला दुसरी द्या," मुलगा म्हणाला. बाईंनी त्याला काही सुनावलं नाही. तंग सोडला, खोगीर उतरवलं, गाशा उलटा करून त्याच्या मांडीवर पसरला आणि म्हणाल्या, "हात फिरव. सावकाश." तो फिरवत राहिला. एका कोपऱ्यात, शिवणीच्या आत, गवताचं एक कुसळ अडकलं होतं, वरून दिसणारही नाही असं. मग त्यांनी त्याची तीच बोटं शेवंताच्या बरगडीवर नेली. तंगाच्या जागी रुपयाएवढी गाठ आली होती आणि बोट लागताच तिथली कातडी थरथरली. त्या दिवशी शेवंतावर कुणी बसलं नाही. त्या मुलानं कोमट मिठाच्या पाण्यानं ती जागा शेकली आणि पुढचे कितीतरी दिवस तो येईल-जाईल त्याचा गाशा तपासत सुटला होता. आम्हाला अगदी वात आणला त्यानं.

तुझ्याकडची करडी घोडी नव्या मुलांना चावते म्हणालीस. मालक म्हणतो, तिचा स्वभावच तसा. असेल. पण स्वभावावर शिक्का मारण्याआधी पाठ चाचप, तंगाची जागा पाहा, खोगीर खांद्यावर दबतं का ते बघ आणि पशुवैद्याला तिचे दात दाखव. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, दळताना कडेला धारदार टोकं येतात आणि ती गालाला, जिभेला कापतात. तोंड सोललेलं असताना लगाम घालून घ्यायचा म्हणजे चावणं आलंच. हे सगळं पाहूनही काही सापडलं नाही तर मालकाचं खरं मान.

बाई पहिले काही दिवस कुणाला वर बसवत नसत. आधी खरारा. मानेपासून मागे, केसांच्या दिशेनं, आणि हात चालू असताना तोंडानं काहीतरी बोलत राहायचं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं तेवढं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूनं जायचं, मागे जावं लागलं तर पुठ्ठ्यावर हात ठेवून वळसा घ्यायचा. मग खूर. पाय उचलून आकड्यानं टाचेकडून पुढे कोरायचं, आणि तळव्याच्या मधली ती त्रिकोणी मऊ गादी जपायची. कोरून झालं की बाई आम्हाला नाक जवळ न्यायला लावायच्या. निरोगी खुराचा वास मातीचा, शेणाचा येतो. कुजका भपका आला की जनावर ओल्यात उभं राहतंय, आणि तो दोष पागेचा. पहिल्यांदा सगळीच मुलं नाक मुरडतात, पण वास एकदा कळला की तो विसरता येत नाही.

लगामाचा धडा मात्र मी तुला आहे तसा देते, कारण तो तू उद्याच वापरू शकशील. दोघांना समोरासमोर जमिनीवर बसवायचं. एकानं डोळे मिटून लगामाची कडी दोन्ही मुठींत धरायची, तो घोडा. दुसऱ्यानं लगाम धरायचा, तो स्वार. स्वारानं डावीकडे, उजवीकडे, थांब, असं फक्त लगामातून सांगायचं आणि घोड्यानं किती ओढ जाणवली ते बोलायचं. "आत्ता बोट हललं." "आत्ता हिसका बसला." "आत्ता कळलंच नाही काय म्हणतोस ते." मुलांना इतकं हसू येतं की त्यांना शिकल्याचं कळतही नाही. मग बाई कडी कुठं बसते ते दाखवायच्या. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे घोड्याला बिनदाताची मोकळी हिरडी असते, तिच्यावर. कातड्याखाली लगेच हाड. बाजारातून आलेल्या तट्टांच्या तोंडात तेव्हा सर्रास काटेरी लगाम असे. 1965 च्या केंद्राच्या नियमांनी त्याला बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून सापडतो. बाई तो पहिल्याच दिवशी काढून टाकायच्या. तुझ्या क्लबात कुठल्याही खुंटीला तसला लगाम दिसला तर ते काम सोड, माझी काही हरकत नाही.

वर बसवतानाही खालून उडी मारून नको. ओट्यावरून, दगडावरून बसव. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून चढलं की सगळा भार एका बाजूला येतो आणि खोगीर कण्यावर पिळतं. रोज पाच-सहा मुलं त्याच बाजूनं चढली तर विचार कर त्या पाठीचं काय होत असेल. रिकिबीत पायाचा फक्त चवडा, टाच खाली, आणि टाच असलेला बूट. सँडल घालून आलेल्या मुलाला बाई परत पाठवत, तो कलेक्टरचा असो की कुणाचा.

पालकांचं काय करायचं, हा तुझा खरा त्रास असणार. आमच्या वेळी पालक फिरकतच नसत. तुझ्याकडे ते कुंपणाला टेकून मोबाईल रोखून उभे असतील, आणि महिन्यात पोरगं दुडकी सोडून दौडायला लागलं नाही तर फी कशाची, असं विचारतील. त्यांच्याशी हुज्जत घालू नकोस. लगामाची दोरी त्यांच्या हातात दे आणि मुलाला तट्टावर बसवून रिंगणात दोन फेऱ्या चालव म्हणावं. जनावर शेजारून चालताना त्याचा श्वास कानाशी आला की बरेच जण गप्प होतात. न झाले तर 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेचा व्हिडिओ दाखव. तिथं आपल्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी. चौघांत दोन मुली होत्या. पाहणाऱ्याला वाटतं स्वार काही करतच नाही, घोडा आपण होऊन नाचतोय. त्या "काही न करण्या"ला किती वर्षं लागतात ते विचार त्यांना.

भित्र्या मुलांचं बाईंना कौतुक असे. भीती लपवणारा मुलगा हात आवळतो, मग तट्टू बिथरतं. म्हणून भीती वाटते का असं त्या विचारत नसत, "कुठं वाटतेय?" असं विचारत. पोटात, गुडघ्यात, हातात, काय असेल ते मूल सांगायचं, आणि तो अवयव सैल सोडायचं काम सुरू. पोलिओनं एक पाय गेलेली शेजारच्या वाडीतली एक मुलगी यायची. गावात लोक कुजबुजले तेव्हा बाईंनी आम्हाला डेन्मार्कच्या लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला पहिल्यांदाच बायकांना पुरुषांबरोबर उतरू दिलं आणि त्याच वेळी तिनं रौप्य मिळवलं. पोलिओमुळे तिला गुडघ्याखाली पायात ताकद नव्हती, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. ती मुलगी पुढे आमच्यापेक्षा चांगली बसायला लागली, कारण पायाचा जोर नसल्यानं तिला धाकदपटशा करताच येत नव्हता.

बाईंचं सगळंच उचलू नकोस, हेही सांगते. त्या डोक्याला फेट्याखेरीज काही बांधू देत नसत, हेल्मेटला नाजूकपणा समजत. ते चूकच होतं. तुझ्या रिंगणात हनुवटीचा पट्टा लावल्याशिवाय कुणी चढता कामा नये, आणि एखादं हेल्मेट जोरात आपटलं तर वरून तडा दिसो न दिसो, बदलायचं. चंदीच्या बाबतीत मात्र त्या पक्क्या होत्या. घोड्याचं पोट शरीराच्या मानानं लहान, आणि त्याला ओकता येत नाही. म्हणून थोडं थोडं, अनेकदा, आणि घामाघूम जनावराला भरपेट चंदी नाही. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या आयांना हे हसून सांग, पण सांग. तट्टू सारखं कुशीकडे वळून पाहत असेल, पायानं जमीन उकरत असेल, लोळत असेल तर तो शूळ. डॉक्टरला फोन करायला मालकाची परवानगी शोधत बसू नकोस.

एक गोष्ट मी बाईंना अजून माफ केलेली नाही. म्हातारं तट्टू त्यांनी कधी विकलं नाही. बाकीचे विकतात, आणि ते शेवटी वरातीत बँडच्या कर्ण्यापुढे उभं राहतं. बाई म्हाताऱ्यांना घास चारत, मुलांना त्यांचा खरारा करायला लावत. पण आपल्यामागे त्यांचं काय, याचा एक कागद त्यांनी केला नाही. त्या गेल्या, वारसांनी जमीन वाटून घेतली, तट्टं जमेल तशी गेली. काही धनगरांकडे परतली, ती सुखी झाली असं मी धरून चालते. शेवंताचा पत्ता लागला नाही. आयुष्यभर ज्यांची बाजू घेतली, त्यांना असं वाऱ्यावर सोडणं मला पटत नाही, आणि बाईंवर जीव होता म्हणून ते पटवून घ्यावं असंही वाटत नाही.

म्हणून तू पगाराआधी मालकाला विचार: इथलं तट्टू म्हातारं झालं की कुठं जातं? एका दिवसात एका पाठीवर किती मुलं बसतात? आठवड्यात सुट्टी कुठली? उत्तर देताना तो चिडला तरी विचारलंस ते बरंच झालं. आणि हिशेब विचारायची लाज बाळगू नकोस. बाईंना पैशाचं बोलणं हलकं वाटे, त्यातूनच पुढचं सगळं झालं.

तुझ्या मोतद्दाराशी चांगलं जमव. पागेतली खरी खबर त्याच्याकडे असते, आणि पहाटे चार वाजता शूळ झालेलं घोडं आधी त्यालाच दिसतं. चहा त्याच्याबरोबर पी, ऑफिसात नको. तो नाल बदलायला सहा आठवड्यांनी नालबंद बोलवा म्हणाला की तूही मालकाच्या मागे लाग.

शेवटचं. घोड्याच्या लिदीत आणि पागेच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, जरा खरचटलं तरी पुरतं. मागचं इंजेक्शन कधी घेतलंस ते आठवत नसेल तर येत्या शनिवारच्या आत घे आणि मला कळव. आईला मी सांगत नाही, नाहीतर ती पुन्हा फोन करेल.

तुझी
मावशी