पाळणाघर परवडावं म्हणून

वस्तीत दिवसभराचं पाळणाघर नसलं की बाळ बहुतेक वेळा थोरल्या बहिणीच्या कडेवर जातं आणि तिची शाळा बुडते. अंगणवाडी असते, पण तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं काही तासच बसतात; आई परतते संध्याकाळी. मधल्या वेळेसाठी काही करू पाहणाऱ्या बचत गटांसाठी, महिला मंडळांसाठी आणि ग्रामपंचायतींसाठी हे टिपण.

काय करावे

• खोली शोधण्याआधी घरोघर जा, तेही संध्याकाळी, बायका घरी असताना. किती वाजता निघता, कधी येता, तीन वर्षांखालची मुलं किती, आत्ता कोण सांभाळतं, एवढं विचारा. धुणीभांडी करणारीला सकाळी सातला दार उघडं हवं, बांधकामावर जाणारीला संध्याकाळी सहानंतरही. वेळ या उत्तरांवरून ठरवा.

• सांभाळणाऱ्या ताईंचा पगार आधी ठरवा, आयांकडून घ्यायची फी नंतर. पाळणाघराचा मोठा खर्च पगाराचाच असतो. फी आधी ठरली की कात्री तिथेच लागते. मग ताई काम सोडतात आणि बाळाला पुन्हा नवं माणूस ओळखीचं करून घ्यावं लागतं. एका कष्टकरी बाईची सोय दुसरीच्या अपुऱ्या पगारावर उभी करणं मला मुळीच मान्य नाही. फी आणि खर्च यांतला फरक बाहेरून यायला हवा, आणि तो मागण्याचा हक्क आपल्याला आहे.

• तो कुठे मागायचा? केंद्र सरकारची ‘पाळणा’ योजना 2022 पासून मिशन शक्तीखाली आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय तिच्यात आहे. बालविकास प्रकल्प कार्यालयात लेखी मागणी द्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारा. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर 2017 च्या कायदादुरुस्तीने पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. या 50 मध्ये पुरुषही मोजले जातात, म्हणून ‘आमच्याकडे बायका कमी आहेत’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

• फी आयांच्या हातात पैसे येतात तेव्हा घ्या. मजुरीवालीकडून आठवड्याला, घरकामवालीकडून पगार झाल्यावर. थोडी का होईना, फी असावी. पैसे भरणारी आई बेधडक तक्रार करते.

• बाळाला न्यायला कोण येणार, त्यांची नावं आईकडून लिहून घ्या.

काय टाळावे

• तान्ही आणि चार वर्षांची मुलं एकाच बाईच्या भरवशावर सोडू नका. एकीची शी धुताना दुसरा रस्त्यावर पोचलेला असतो. दोघी हव्यातच.

• झोपावं म्हणून खोकल्याचं औषध पाजणं कुठल्याही कारणाने चालवून घेऊ नका. मुलं रोज फार वेळ गप्प झोपलेली दिसली तर चौकशी करा.

• उघडं पिंप, पाण्याने भरलेली बादली, जमिनीवरचा स्टोव्ह मुलांच्या खोलीत नको.

• सगळी देणगी रंगीत भिंती आणि खेळण्यांवर उडवू नका. ताईंचे सहा महिन्यांचे पगार आधी बाजूला काढा. सरकारी अनुदान उशिरा येतं तेव्हा त्यावरच दार उघडं राहतं.

• ‘आजी आहे की घरात’ म्हणून कुणाचं नाव यादीतून गाळू नका. ती आजीही बऱ्याचदा कामावर जाते.

• आया आजारी मूल का आणतात म्हणून ओरडू नका. खाडा झाला की तिची मजुरी बुडते. पडवीत वेगळी गादी ठेवा, ताप किती असल्यास घरी न्यायचं ते पहिल्याच बैठकीत आयांबरोबर ठरवा आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लावा.