धर्मोपदेश आणि धर्माभ्यास



रमजानच्या दिवसांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें निबंधांत लिहिलें कीं, मुसलमान लोक एक महिनाभर कांहीं खात नाहींत. त्याच्याच बांकावर बसणारा त्याचा मुसलमान मित्र तें वाचून हंसूं लागला. पहाटेपूर्वीं सहरी होते, सूर्यास्तानंतर इफ्तार होतो, मधल्या वेळांत मात्र पाण्याचा थेंबहि घ्यावयाचा नसतो, असें त्यानें सांगितलें आणि निबंध दुरुस्त झाला. हे दोघे पांच वर्षें एका बांकावर बसत होते. ही गोष्ट मला फार दिवस बोंचत राहिली.

पुढें जगांतील धर्मांची ओळख करून देणारे कांहीं पाठ घ्यावे असें आम्हीं ठरविलें, तेव्हां एक पालक भेटावयास आले. गृहस्थ सज्जन आणि मितभाषी. "गुरुजी, शाळा मिशनची. धर्म शिकविणार म्हणजे नेमकें काय करणार?" एवढेंच त्यांनीं विचारलें. शंका अगदीं रास्त होती. असाच प्रश्न आणखी कित्येकांच्या मनांत असेल म्हणून हा लेख.

धर्मोपदेश श्रद्धा ठेवावयास सांगतो. धर्माभ्यास हा कोण काय मानतो, केव्हांपासून मानतो आणि त्यामुळें त्याचें जीवन कसें घडतें हें समजून घेतो. हा भेद वाक्याच्या क्रियापदांतच दिसतो. "येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशीं उठला" हें चर्चमधील वाक्य होय. "येशू तिसऱ्या दिवशीं उठला अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे, आणि तिच्या स्मरणार्थ ते ईस्टरचा सण पाळतात" हें वर्गांतील वाक्य होय. एकच शिक्षक रविवारीं पहिलें वाक्य मनःपूर्वक म्हणेल व सोमवारीं दुसरें शिकवील. यांत लबाडी मुळींच नाहीं. दोन ठिकाणचीं कर्तव्यें निराळीं आहेत इतकेंच.

आपल्या राज्यघटनेनेंहि हा विषय हाताळला आहे. तिच्या २८ व्या कलमान्वयें पूर्णपणें सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणासहि त्याच्या संमतीवांचून, आणि तो वयानें अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवांचून, धर्मशिक्षणास अगर प्रार्थनेस बसविण्याची सक्ती करतां येत नाहीं. मग धर्मांविषयीं शिकविणेंहि निषिद्ध काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास आणि घटनेनें वर्ज्य केलेलें धर्मशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा निर्णय न्यायालयानें २००२ सालीं दिला.

ही वाट महाराष्ट्रास नवी नाहीं. न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचें भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर १८८२ मध्यें माक्स म्यूलरच्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेंत आठवा खंड म्हणून निघालें. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ सालीं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करावयास गेले व १९०३ मध्यें परतले. परतल्यावर प्रार्थनासमाजाचें प्रचारकार्य त्यांनीं पूर्वीच्याच निष्ठेनें केलें, आणि १९०६ सालीं अस्पृश्यांच्या शिक्षणासाठीं डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलें. दुसऱ्याचे ग्रंथ वाचल्यानें स्वतःची श्रद्धा ढिली होते, असें मानणाऱ्यांनीं शिंद्यांचें चरित्र अवश्य पाहावें.

परंतु मला सर्वांत जवळचें वाटतें तें आपल्याच गांवचें उदाहरण. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्यें नागपुरांत आले आणि १८४६ मध्यें त्यांनीं शाळा उघडली. १८८३ मध्यें निघालेलें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें. ते आले होते धर्मप्रसारासाठीं, हें झांकण्याचें कारण नाहीं. तथापि त्यांनीं एका परधानाकडून गोंडांच्या लिंगोचें दीर्घ गीत उतरवून घेतलें. गुहेंत कोंडलेल्या गोंडांना लिंगोनें कसें सोडविलें, ही त्यांतील मुख्य कथा. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटजवळील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परतत असतां हिस्लॉप ओढ्याच्या पुरांत बुडून वारले. त्यांचीं हस्तलिखितें सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापविलीं; त्यांत हें गीत गोंडी शब्दांसह आहे. हिस्लॉप यांचीं स्वतःचीं मतें आज कोणी मानो वा न मानो, गोंडी शब्द मात्र गोंडांचेच राहिले. गोंदिया जिल्ह्यांत सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहेशीं गोंड बांधव हीच कथा जोडतात, आणि माघी पौर्णिमेस तेथें मोठी यात्रा भरते.

आतां दीक्षाभूमीचें पाहा. डॉ. आंबेडकरांनीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्यें एकवीस वर्षें गेलीं. त्या काळांत त्यांनीं निरनिराळ्या धर्मांचा कसून विचार केला. नागपूरच कां निवडलें, याचें कारण दुसऱ्या दिवशींच्या भाषणांत त्यांनीं स्वतः सांगितलें: प्राचीन नाग लोकांनीं बुद्धाचा धम्म पसरविला व ते या भागांत राहत होते. विद्यार्थ्यानें प्रथम हें कारण त्यांच्याच तोंडून ऐकावें. त्याची ऐतिहासिक चिकित्सा मागाहून करावी. हा क्रम उलटला कीं अभ्यास संपतो आणि वाद सुरू होतो.

एक इशारा द्यावासा वाटतो. "सर्व धर्म एकच आहेत" हें वाक्य निबंधांत फार येतें. लिहिणाऱ्याचा हेतु चांगला असतो, पण वाक्य तटस्थ नव्हे. तोहि एक सिद्धान्तच आहे. बौद्ध व जैन धर्म जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाहींत. इस्लाम ईश्वराचें एकत्व इतक्या कसोशीनें मानतो कीं, ख्रिस्ती त्रैक्य त्यास मान्य होत नाहीं. हे भेद पुसून शेजाऱ्याचा आदर होत नाहीं. तसेंच आपल्या धर्माचा ग्रंथ आणि दुसऱ्याच्या धर्मांतील गल्लींतलें वर्तन यांची तुलना करूं नये. ग्रंथाशीं ग्रंथ, वर्तनाशीं वर्तन ताडून पाहावें.

त्या पालकांना मीं हें सर्व सांगितलें आणि पाठांची वही दिली. ती त्यांनीं आठ दिवस ठेवून घेतली. परत करतांना एका ठिकाणीं पेन्सिलीनें खूण केलेली होती: त्यांच्या संप्रदायांतील एका व्रताचा दिवस मीं चुकीचा लिहिला होता. मीं तो सुधारला. मुलगा वर्गांत बसूं लागला.

सुटींत करावयाचें काम: आपल्याहून निराळा धर्म पाळणाऱ्या एका शेजाऱ्याच्या सणाविषयीं दहा ओळी लिहा. ताजबागेचा उरूस, गुरुद्वाऱ्यांतील लंगर, रामटेकच्या शांतिनाथ मंदिरांतील पूजा, कांहींहि चालेल. लिहिलेलें प्रथम त्या शेजाऱ्यास वाचून दाखवा. "आम्ही असेंच करतों" असें तो म्हणाला तर खालीं त्याची सही घ्या. न म्हणाला तर पुन्हां लिहा. वही शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांत आणावी.