सँटोरिनी नको, नॅक्सॉसला जा

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा आणि प्राचीन अवशेष दोन्ही असलेलं, फार न बाजारू झालेलं बेट सुचवाल का? सँटोरिनी कसं? आम्ही शाकाहारी आहोत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : सँटोरिनी फोटोत देखणं, पण तिथे पायऱ्या फार आणि गर्दी त्याहून फार. त्यापेक्षा नॅक्सॉस निवडा. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठी बोट साधारण पाच-साडेपाच तासांत पोचवते. बंदरात शिरतानाच अपोलोच्या मंदिराची संगमरवरी चौकट दिसते. इ. स. पू. सहाव्या शतकात काम सुरू झालं, मंदिर अर्धवटच राहिलं, दार तेवढं उभं आहे. सूर्यास्ताला तिथे झुंबड उडते, सकाळी जा.

खरी मौज उत्तर टोकाला, अपोलोनासला. प्राचीन खाणीत दहा मीटरहून लांब पुरुषमूर्ती उताणी पडली आहे. दाढी ओळखू येते, छिन्नीचे घाव दिसतात, पाय अजून दगडातच. रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागत असेल तर गोळी घेऊन निघा. सांग्रीचं दिमितर देवीचं मंदिरही चुकवू नका.

पोहायला प्लाका : लांबलचक, वाळूचा किनारा. जेवणाची चिंता नको. इथले बटाटे आणि चीज नावाजलेले, भात भरलेले टोमॅटोही मिळतात. खिमा नाही ना, एवढं विचारा.

जून किंवा सप्टेंबर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा सुटतो, कधी बोटी रद्द होतात. म्हणून बेटावरून निघाल त्याच दिवशीचं परतीचं विमान घेऊ नका. एक रात्र अथेन्समध्ये ठेवाच.