घरबसल्या ऐकलेले गाणे आणि गाणाऱ्याची बिदागी

— द्वितीय वर्ष, कला शाखा

गाणे ऐकायचे म्हणजे पूर्वी उठून कोठेतरी जावे लागे. देवळात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात, फार तर शेजारच्या रेडिओपाशी. आज आचोळ्याच्या एका खोलीत बसून मनुष्य अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी, प्रल्हाद शिंद्यांचे भक्तिगीत आणि परवाच निघालेले हळदीचे गाणे एकापाठोपाठ एक ऐकू शकतो. ही सोय लहान नाही, आणि तिच्याविषयी नाक मुरडण्याचा या लेखाचा मुळीच हेतू नाही. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला शेतमालाचे मध्यस्थ शिकताना एक प्रश्न मनात आला. कांद्याच्या किमतीतील किती पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात हे आपण विचारतो. मग गाण्याच्या बाबतीत तोच हिशेब का विचारू नये? ऐकणाऱ्याच्या खिशातून निघालेला रुपया गाणाऱ्यापर्यंत पोहोचतो का, आणि पोहोचत असल्यास त्यातले किती पैसे उरतात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे या देण्याघेण्याला शब्दांची वाण कधीच नव्हती. गवयाला बिदागी, तमाशात दौलतजादा, बँडवाल्याला सुपारी, गोंधळ्याला दक्षिणा, वासुदेवाला सुपातले दाणे. या सर्वांत एक गोष्ट समान होती. देणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत असत. हा व्यवहार नेहमी सन्मानाचा होता असे मात्र कोणी समजू नये. संस्थानिकाची मर्जी फिरली की गवई रस्त्यावर येई, आणि दौलतजादा करणाऱ्याची नजर सदैव गाण्यावरच असे असेही नाही. म्हणूनच पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा एखाद्या राजाच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्या व जलशांची तिकिटे यांवर ते चालविले, याचे महत्त्व मला फार वाटते. तिकीट काढून येणारा सामान्य श्रोता हाच आश्रयदाता झाला. पुण्यास १९११ साली भास्करबुवा बखले यांनी स्थापन केलेला भारत गायन समाज, किंवा पुढे गावोगावी निघालेली म्युझिक सर्कले, ही सर्व याच मार्गाने गेली. वर्गणीदारांनी थोडे थोडे पैसे घालावेत आणि गवयाला बोलवावे.

मधल्या काळात यंत्र आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास हिंदुस्थानी गायनाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका घेतल्या. त्यांत गौहर जान यांचा आवाज होता. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तेथील कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही युक्ती होती, असे सांगतात. कारण काही असो, गाणारणीचे नाव गाण्यालाच चिकटले, पुसता येईना. याची आठवण पुढे लागणार आहे म्हणून येथे नोंदविली.

तबकडीने तासाभराचा राग तीन-साडेतीन मिनिटांत बसविला, पण गाणे घरात आणले. ज्या भास्करबुवांचे नाव वर आले त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचे गाणे कसे होते हे आज शिष्यांच्या आठवणींवरूनच जाणावे लागते. तेव्हा यंत्राला शिव्या देण्यात अर्थ नाही. मात्र त्याच क्षणी देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये तिसरा येऊन बसला. कलावंताला कधी एकरकमी पैसे मिळत, कधी विक्रीवर हिस्सा. श्रोत्याला त्याचा पत्ता नसे.

कॅसेटविषयी थोडक्यातच सांगतो. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली आणली आणि आपल्याकडे १९८० नंतर ती घरोघर गेली. ती स्वस्त होती, थोड्या भांडवलात निघे, त्यामुळे कोळीगीते, भीमगीते, भारुडे, लोकनाट्ये यांना मोठा बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारतातील या घडामोडीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पण जी वस्तू स्वस्तात निघते ती स्वस्तात नक्कलही होते. एका कॅसेटवरून दहा होत आणि नऊंचे पैसे कोणालाच मिळत नसत.

आता आजचे ऐकणे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एम.पी.३ पद्धतीत कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून तेच मिनिट साधारण १ मेगाबाइटात बसते. फोनवर गाणे झटकन येते ते या गाळणीमुळे. अर्थात माझ्या मते खरे नुकसान गाळणीपेक्षा आपल्या फोनच्या नखाएवढ्या ध्वनिवर्धकाने होते. त्यातून खालचे सूर जवळजवळ निघतच नाहीत. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा घुमारा, आपल्याच जिल्ह्यातील तारप्याचा अखंड चालणारा खर्ज, हे फोनवर लुप्त होतात. उरतो तो नुसता टणत्कार. भोपळा, बांबू आणि मेण यांचे ते वाद्य ज्याने मोकळ्या जागेत ऐकले आहे त्याला हा फरक सांगावा लागणार नाही. पाचशे-सातशे रुपयांचे बरे हेडफोनही यात पुष्कळ सुधारणा करतात. घरी गाणे ऐकणाराने प्रथम एवढा खर्च करावा, मग इतर गोष्टी.

पैशाचे काय होते? गाणी ऐकविणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या 'एक गल्ला' पद्धतीने चालतात. सर्व वर्गणीदारांचे पैसे एकत्र, त्यातून सुमारे तीस टक्के कंपनीचे, आणि बाकीचे एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटायचे. हे ऐकायला न्याय्य वाटते. उदाहरणादाखल समजा, शंभर वर्गणीदार आहेत आणि प्रत्येकाचे शंभर रुपये. गल्ला दहा हजारांचा, वाटपास सात हजार. नव्व्याण्णव जण महिन्याकाठी हजार-हजार वेळा चित्रपटगीते ऐकतात. मी मात्र शंभरच वेळा ऐकतो आणि ते केवळ आमच्या बाजूच्या एका भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण. एकूण ऐकणी झाली ९९,१००. त्यांत मंडळाची १००. मंडळाच्या वाट्याला येतात ७ रुपये ६ पैसे. माझ्या शंभरातून कंपनीचे तीस वजा जाता सत्तर उरले होते. त्यांतले त्रेसष्ट रुपये मी कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे गेले! आकडे कल्पित आहेत, पण रीत हीच आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. एखाद्या मंडळाचे चाहते दिवसभर तेच लावून बसले तर याच पद्धतीने त्याला त्यांच्या वर्गणीपेक्षा अधिक मिळेल. पण दिवसभर गाणे लावून बसणारे लोक भजनाचे चाहते सहसा नसतात.

शिवाय ते सात रुपयेही मंडळाच्या हाती थेट पडत नाहीत. मध्ये ध्वनिमुद्रण काढणारा, ते सर्वत्र पोहोचविणारा असे हिस्सेदार असतात. स्पॉटिफाय या कंपनीने तर २०२४ पासून नियम केला की, मागील बारा महिन्यांत ज्या गाण्याची हजार ऐकणी झाली नाहीत त्याला या गल्ल्यातून काहीच द्यायचे नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा हिस्सा मिळण्यास हजार वर्गणीदार आणि वर्षात चार हजार तास पाहणी (किंवा तिच्या जोडीची लघुचित्रफितींची अट) पूर्ण व्हावी लागते. ज्यांचे श्रोते मुळातच एका तालुक्यापुरते आहेत, म्हणजे आपले कादोडी बोलीत गाणारे, आगरी गाणी रचणारे, बेंजो पार्टीवाले, त्यांतील बहुतेकांना हे उंबरठे उंचच.

कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यान्वये ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताचा व संगीताचा कर्ता आपला स्वामित्वधनाचा हक्क, वारस वा नोंदणीकृत संस्था सोडून, कोणाला लिहून देऊ शकत नाही. लिहून दिला तरी तो चालत नाही. पण यासाठी कर्ता कोण हे आधी ठरले पाहिजे. लोकगीताखाली 'पारंपरिक' हा एक शब्द टाकला की प्रश्न मिटला. अनेकदा तो शब्द खराही असतो; पण ज्या कंठातून ते गाणे आले तो कंठ पारंपरिक नसतो, त्याला नाव असते.

येथे आमच्या आळीतील एक गोष्ट सांगणे भाग आहे. आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाण्यातून पार पाडते हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल. हळद, मांडव, देव बसविणे, प्रत्येकाचा धवला वेगळा. आमच्याकडे सत्तरीपुढची एक आजी हे म्हणते. तिला तांदूळ, नारळ, लुगडे आणि वर रोख असे देण्याचा प्रघात आहे. दोन वर्षांपूर्वी एका हळदीत कोणीतरी तिचे धवले फोनवर टिपले आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे करीत सगळ्या गावात गेले. पुढल्या दोन लग्नांत तेच ध्वनिमुद्रण मोठ्या भोंग्यावर लागले आणि आजीला सांगणे गेले नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हते. 'म्हातारीला कशाला त्रास' असेच सगळे म्हणाले. परंतु तिच्याच आवाजाने तिची जागा घेतली आणि त्या आवाजाला नावही नव्हते. गौहर जान यांची युक्ती तिला कोणी शिकविली नव्हती.

मग करावे काय? परदेशात बँडकॅम्प नावाची एक पेढी २००८ पासून चालते. तेथे श्रोता गाणे कलावंताकडूनच विकत घेतो, हवे तर किमतीपेक्षा अधिक देतो, आणि पेढी त्यातून पंधरा टक्के ठेवते. टाळेबंदीत जलसे बंद पडले तेव्हा २० मार्च २०२० रोजी तिने एक दिवस आपला हिस्साही सोडला, आणि नंतर असे अनेक शुक्रवार पाळले. त्याच काळात आपल्याकडे लग्ने, जत्रा, मिरवणुका थांबल्या आणि वाजंत्र्यांचा सगळा हंगाम बुडाला. तेव्हा त्यांच्यासाठी अशी कोणतीच खिडकी नव्हती. वास्तविक पाहता साधन आपल्याकडे अधिक सोपे आहे. यूपीआय २०१६ साली सुरू झाली. माणसाने माणसाला पाठविलेले एकावन्न रुपये एकावन्नच पोहोचतात, मध्ये कोणी काही कापीत नाही. अडचण एवढीच की, ऐकलेल्या गाण्याखाली गाणाऱ्याचे नावच नसेल तर पाठवायचे कोणाला? म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे नाव आधी, पैसे मागाहून.

एवढ्याच समजुतीवर आम्ही तिघा विद्यार्थ्यांनी गेल्या दिवाळीच्या सुटीत आजीचे धवले रीतसर टिपण्यास घेतले. पंखा बंद, फोन गोधडीच्या घडीवर, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या आरंभी आजीने आपले नाव व गाव स्वतःच्या तोंडाने सांगायचे. ठराव साधा आहे. घरी ऐकणाऱ्याने स्वखुशीने काय ते पाठवावे, पण लग्नात लावायचे असल्यास आधी आजीला सांगणे धाडावे. ती येऊ शकली नाही तरच ध्वनिमुद्रण. तिच्याकडे फोन नसल्याने पैसे नातवाच्या खात्यावर येतात. येथेही मध्यस्थ आलाच म्हणा, पण तो पंधरा टक्के कापीत नाही, फार तर एक वडापाव कापतो. आतापर्यंत नऊ घरांतून मिळून ६१५ रुपये आले. रक्कम लहान आहे. परंतु वर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे सात रुपये मिळण्यास शंभर ऐकणी लागली होती. येथे एकेका घराने सरासरी अडुसष्ट रुपये दिले.

आजीला ही सगळी व्यवस्था पूर्णपणे पटली आहे असे नाही. ती म्हणाली, "पैसं धारशील, पन नारल कसा धारशील?" (पैसे पाठवशील, पण नारळ कसा पाठवशील?) तिच्या दृष्टीने नारळ हा मोबदला नसून बोलावणे आहे, आणि ते फोनवरून देता येत नाही. याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही नारळ घेऊन गेलो.

मोजून तेवीस धवले निघाले. त्यांपैकी चौदा टिपून झाले. उरलेले नऊ प्रत्यक्ष लग्नविधीचे आहेत आणि ते मांडवाशिवाय तोंडातून काढायचे नाहीत असा तिचा नेम आहे, तेव्हा त्यांसाठी थांबणे आले. येत्या वैशाखात आळीत दोन लग्ने आहेत. त्यांतील एका घराने तिला सांगणे धाडले आहे, आणि आम्हांला फोन मांडवाच्या कोणत्या खांबाला बांधायचा हेही त्यांनीच दाखविले आहे.